साहेबांचं मुंगूस

संस्थानातली एकुलती मराठी शाळा बंद करायचं इंग्रज सरकारच्या एजंट साहेबांनी ठरवलं. कारण सोपं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं. हेडमास्तर दाजी खांबेटे इंग्रजी जाणत, म्हणून विनवायला तेच गेले.

साहेब पाळीव मुंगसाला अंडं भरवत होते. "तुमच्या भाषेनं आम्हांला एक तरी शब्द दिलाय?"

"याला काय म्हणता, साहेब?"

"मंगूस."

"विलायतेत असतो हा प्राणी?"

"छे. इथंच पाहिला."

"म्हणजे नावही इथंच विचारलंत. आम्ही मुंगूस म्हणतो. शाळा बंद केलीत, तर पुढच्या प्राण्याचं नाव कुणाला विचाराल?"

शाळा राहिली. महिन्याभरात एक विद्यार्थीही वाढला. त्याला मांडी घालता येईना, म्हणून दाजींनी आपली खुर्ची दिली.