सागवानी पेटी आणि हिरवी तार

रेडिओ लावला की बातम्यांआधी खरखर ऐकू यायची, त्या दिवसांत वसईच्या इनास मेस्त्रीने जुन्या कपाटाच्या सागवानातून गिटारच्या अँप्लिफायरची पेटी बनवली. पेटी वाजायची सुरेख, पण शेजारची ट्यूबलाइट लागली की तिच्या आत गुणगुण सुरू व्हायची. पेटीला ते मुळीच खपत नसे.

इनासने तिला आतून कानाकोपऱ्यात तांब्याचा पत्रा चिकटवला आणि पत्र्याला एक हिरवी तार स्क्रूने आवळली. तारेचं दुसरं टोक अंगणातल्या मातीत पुरलेलं होतं.

"ही मातकट तार माझ्या अंगाला कशाला?" पेटी फणकारली.

"बाई गं, पत्रा बाहेरचे आवाज पकडतो," तार म्हणाली. "मी ते जमिनीला नेऊन देते. मी नसले तर ते जातील कुठे?"

"तू कोण मला शिकवणारी?" म्हणत पेटीने अंग आक्रसून घेतलं. स्क्रू केसभर सैल झाला, तार पत्र्यापासून सुटली. वरून मात्र सगळं घट्टच दिसत होतं.

संध्याकाळी इनासने बटण दाबलं. गिटार अजून खुंटीवरच होती, तरी पेटीत कोणीतरी गुणगुणू लागलं. मग आणखी कोणी. मग कुठल्याशा दूरच्या रेडिओवरची कुजबुज आली, आणि गेलीच नाही. सगळे आत दाटीवाटीने बसून राहिले.

"तारे, ये गं! धर मला!" पेटी किंचाळली. पण तिच्या तोंडून बाहेर पडली ती त्यांचीच गुणगुण.

इनासने कान लावून ऐकलं. "पत्रा कमी पडला," तो म्हणाला, आणि दुसरा थर चिकटवायला बसला.