पाटी कुठं बसवायची

"मग, कुठं बसवू पाटी? दारावरच ना, उस्ताद?"

दस्तगीर उस्ताद गाडीच्या सावलीत स्टूल टाकून बसले होते.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. साठ वर्षांपूर्वी एका फिरत्या सिनेमावाल्यानं ट्रकच्या चासीवर अख्खं घर बांधून घेतलं होतं. झोपायला दोन बिछाने, स्वयंपाकाला ओटा, भांड्यांना फडताळ, खिडक्यांना पडदे. पुढं सिनेमा बुडाला, मालक गेला, आणि ही घरगाडी कागलजवळच्या एका गुऱ्हाळामागं तीस वर्षं पडून राहिली. कोंबड्यांनी आत संसार मांडला.

निरंजन सामंतनं ती तिथून ओढून कोल्हापुरात उस्तादांच्या शेडमध्ये आणली, त्याला आता दोन वर्षं झाली. इंजिनिअर माणूस. नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी उस्तादांच्या हाताखाली पत्रा ठोकायला शिकला. चांगलं शिकला, आणि आपण चांगलं शिकलो हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"रिवेट बघा एकेक," तो म्हणाला. "एक जरी वाकडा निघाला तर नाव बदलीन."

"न्हाई निघायचा," उस्ताद म्हणाले.

त्यांच्या शेडचा एक रिवाज होता. गाडी पुरी झाली की उस्ताद आपल्या नावाची पितळी पाटी द्यायचे आणि ती कुठं बसवायची ते सांगायचे. बसवायची मात्र शिष्यानं, स्वतःच्या हातानं. चाळीस वर्षांत अशा अकराच पाट्या शेडबाहेर गेल्या होत्या. निरंजनला बारावी हवी होती, आणि ती आजच हवी होती.

कारण उद्या सकाळी गाडी निघायची होती. फोंडा घाट उतरून कणकवलीला. त्याच्या आईला घेऊन.

आई पक्षाघातानं आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिकडं तिची धाकटी बहीण तारा, तिलाही आता डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. अक्काला एकदा बघू दे, एवढंच ती सगळ्यांना सांगायची. आईला बसून प्रवास जमत नव्हता आणि अँब्युलन्सचं नाव काढलं की ती तोंड फिरवायची. "मढ्यासारखी नको रे नेऊस मला." तेव्हा निरंजननं तिला शब्द दिला होता. घरात झोपल्यासारखी नेईन, खिडकीतून घाट बघत जाशील.

उस्तादांनी खिशातून पाटी काढली. धोतराला पुसली आणि निरंजनच्या तळव्यावर ठेवली.

"ही घे. जितं मी बघू नये असं तुला वाटतंय, तितं बसीव."

निरंजन हसला. "असं ठिकाणच नाही या गाडीत."

"मग झालं की. दारावर बसीव."

…

निरंजननं दारावर पाटी धरली. पेन्सिलीनं चार ठिपके काढले. ड्रिल उचललं, टोक पहिल्या ठिपक्यावर टेकवलं.

बटण काही दाबवेना.

ठिकाण होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ मागच्या बिछान्याखाली झाकलेली होती. चासीची मागची आडवी दांडी, जिच्यावर घराचा निम्मा भार, ती डाव्या बाजूनं गंजानं खाल्लेली त्याला तीन आठवड्यांपूर्वी दिसली. बदलायची तर बिछाना, फडताळ, खालची जमीन, सगळं उपसावं लागलं असतं. आणखी दीड महिना. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. त्यानं वरून पातळ पत्रा चढवला, पुट्टी भरली, काळा रंग मारला आणि नवी फळी स्क्रूंनी बसवून टाकली. चालतंय की, म्हणाला. कोल्हापुरात राहून हा शब्द तो फार लवकर शिकला होता.

फोन वाजला. हात तेलकट होते म्हणून त्यानं तो ओट्यावर ठेवूनच स्पीकरवर घेतला.

"निरू, माझी पिशवी भरून झाली. तारीलाही निरोप गेला. माझी जागा कुठली रे? खिडकीजवळची ना?"

"हो, आई. मागची. खिडकीजवळचीच."

"घाटात पडणार-बिडणार नाही ना मी?"

निरंजनची नजर मागच्या बिछान्याकडं गेली.

"निरू?"

"आई, मी पाच मिनिटांत फोन करतो."

बाहेर उस्ताद काडेपेटीतल्या काडीनं नखं साफ करत बसले होते. रस्त्याकडं तोंड, गाडीकडं पाठ. त्या पाठीचाच निरंजनला संताप आला.

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"काय?"

"मागच्या दांडीचं. मग सांगितलं का नाही?"

"मला कसं ठाव असंल? मी बघितलंच न्हाई."

निरंजन पाय आपटत मागं गेला. गादी ओढून खाली टाकली. डावीकडच्या फळीचे स्क्रू काढले, फळी उचकटली, गुडघे टेकून पाटी त्या काळ्याभोर, गुळगुळीत दांडीवर धरली आणि ड्रिल चालू केलं.

जोर लावावाच लागला नाही. भिजलेल्या भाकरीत बोट जावं तसं टोक आत गेलं. लाल भुगा त्याच्या मांडीवर सांडला. दुसरं भोक पाडताना दांडीचा एक ढलपाच निखळला आणि वर चढवलेला पत्रा नुसता लोंबायला लागला.

त्याच्या डोळ्यांपुढं फोंड्याचं वळण आलं. वळणावर करकचून लावलेला ब्रेक आला. मन चिंती ते वैरी न चिंती. त्याला स्वतःचीच भीती वाटली.

त्यानं फोन लावला.

"आई, या गाडीतून उद्या जायचं नाही."

"का रे?"

"तुझ्या जागेखालचं लोखंड कुजलंय. मला तीन आठवडे माहीत होतं."

आई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"दुरुस्त व्हायला किती दिवस?"

"दीड महिना."

"तारी नाही रे थांबायची तोवर."

निरंजननं लोंबणारा पत्रा हातानं दाबून धरला.

"मग बोलव ती तुझी अँब्युलन्स," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

निरंजन गाडीतून खाली उतरला. कपडे गंजानं माखलेले, मुठीत पाटी. ती त्यानं उस्तादांपुढं धरली. उस्तादांनी हात पुढं केला नाही.

"आई उद्या अँब्युलन्समधनं जाणार," तो म्हणाला. "तिला नको होतं तसंच. माझ्यामुळं."

"हं."

"हं काय? दोन वर्षं, उस्ताद! एक सुट्टी घेतली नाही. सणाला घरी बसलो नाही. ती या गाडीतून कधी जाणारच नाही आता. मग मी ही बांधली कुणासाठी? सांगा ना. कुणासाठी?"

उस्ताद उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. खाली पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि निरंजनच्या हातात दिला.

"दांडी अख्खी बदलायची हाय. आता उजवीकडची फळी काढ."