नाटकातला दिवा

माझ्या उजव्या हाताचा काही नेम नाही. मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. सकाळी सुईत दोरा ओवणारा हात दुपारी भरलेला कप खुशाल सोडून देतो, आणि आधी सांगतही नाही. मी चिडते, हाताला शिव्या घालते, फरशी पुसते. पण हे आमच्या चुलतसासऱ्यांना कोण समजावणार? भाऊसाहेब निवृत्त न्यायाधीश. त्यांनी केव्हाच निकाल देऊन टाकलेला : कामं टाळायची नाटकं!

त्यांच्या पंच्याहत्तरीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. चहा देताना माझ्या हातून कप निसटला आणि भाऊसाहेब सगळ्यांदेखत कडाडले, "काल हिनंच दारात एवढी मोठी रांगोळी काढली. आज कप धरवत नाही? नाटकं नुसती!"

पाहुणे खाली बघू लागले. मी काचा गोळा केल्या.

मग औक्षणाची वेळ झाली. रेशमी फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन भाऊसाहेब पाटावर बसले. निरांजन पेटलं होतं. सासूबाई पुढे होणार, तेवढ्यात तबक मीच उचललं.

"आज पहिली मी ओवाळते."

भाऊसाहेब पाटासकट मागे सरकले. "अगं, तू नको! तुझ्या हाताचा काय भरवसा? दिवा अंगावर पडला तर?"

मी तबक सासूबाईंच्या हातात दिलं.

"इतकं घाबरायचं कशाला, भाऊसाहेब? नाटकातल्या दिव्यानं कुणाचा फेटा जळतो का?"