पलीकडच्या कडेची खिडकी

ही हकीकत बाहेर सांगू नकोस, असं मला बजावलेलं आहे. यातला माणूस आमच्या गावात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. म्हणून मी कुणाचंच नाव घेणार नाही. जुन्या गोष्टींत असतं तसं नुसतं वृद्ध, शिष्य आणि व्यापारी म्हणेन.

तर एक वृद्ध घड्याळकार होते. वर्षाकाठी एखादंच मनगटी घड्याळ करत, पण त्याचं प्रत्येक चाक स्वतःच्या हाताने कापत. त्यांचा एक शिष्य होता. शिष्य म्हटलं तरी त्याच्याही मिशा पिकू लागल्या होत्या. ही हकीकत मला सांगितली आणि वर बजावलं, तेही त्यानेच.

हळदीच्या एका व्यापाऱ्याने त्यांना घड्याळ करायला सांगितलं. दुसऱ्या कुणाकडे नसेल असं हवं, एवढीच अट. मनगटाचं माप घ्यायला दोघे पेढीवर गेले. गर्दी होती, म्हणून बराच वेळ बाकावर बसावं लागलं. व्यापारी मनाने वाईट नव्हता, त्याच्यामागे कामं फार होती. समोरचा बोलू लागला की त्याचं मनगट आपोआप वळे आणि नजर घड्याळावर जाई. मग समोरचा उरलेलं घाईने आवरून उठे. दिवाणजी शिष्याच्या कानाशी म्हणाले, "शेठनी मनगट वळवलं की आपण चपला शोधायच्या."

तेवढ्यात व्यापाऱ्याची मुलगी आत आली. दहावीनंतर तिला दूरच्या शहरात वसतिगृहात ठेवायचं ठरलं होतं. तिला जायचं नव्हतं, आणि ते तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बाबा, मला ना..."

मनगट वळलं. "काही नाही," म्हणून ती परत गेली. वृद्ध घड्याळकार बराच वेळ दाराकडे पाहत राहिले.

काही महिन्यांनी घड्याळ तयार झालं, आणि ते पाहून शिष्य घाबरला. वर काटे नव्हते, आकडे नव्हते. काचेखाली नुसतं एक चाक डोलताना दिसत होतं. तास आणि मिनिटं एका बारीक खिडकीत होती, आणि ती खिडकी घड्याळाच्या कडेला, घालणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला.

"मास्तर, खिडकी उलट बसली," शिष्य म्हणाला. "शेठना वेळ दिसणारच नाही. मी फिरवून देऊ का?"

"राहू दे," एवढंच ते म्हणाले.

व्यापाऱ्याने घड्याळ मनगटावर बांधलं, हात मेजावर ठेवला आणि पाहिलं. आधी त्याला हसू आलं, मग राग. "मास्तर, घड्याळ माझं आणि वेळ लोकांनी बघायची?"

"शेठ, तुम्ही घड्याळाकडे बघता तेव्हा तुम्हाला वेळ कळते," वृद्ध शांतपणे म्हणाले. "समोरच्याला कळतं की आपलं संपलं. तुमच्या मनात तसं नसेलही. आता वेळ त्याच्यासमोर राहील आणि किती बोलायचं ते तोच ठरवेल. तुम्हाला हवीच असेल तर त्याला विचारा. त्या निमित्ताने त्याच्या तोंडाकडे तरी बघाल." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुमची मुलगी काय सांगायला आली होती?"

"कधी?" व्यापारी म्हणाला. आणि स्वतःचाच प्रश्न ऐकून त्याने घड्याळ सोडायला नेलेला हात मागे घेतला.

परतताना शिष्याने काळजीने विचारलं, की घड्याळ परत आलं तर? मास्तर म्हणाले, आलं तर काटे बसवून देऊ.

ते परत आलं नाही. सुरुवातीला मनगट सवयीने वळे, पण वर नुसतं चाक डोलताना दिसे. मग व्यापारी मान वर करून विचारी, "किती वाजले हो?" पहिल्या दिवशी एका हमालाला वाटलं, आपल्याला उठायला सांगतायत. तो अर्धा उठलाही. "बस रे," व्यापारी म्हणाला, "मला खरंच दिसत नाही."

मुलीला मात्र धीर होत नव्हता. काल जेवताना त्याचा डावा हात ताटाशेजारी होता आणि खिडकी तिच्याकडे. साडेआठ वाजले होते. ती म्हणाली, "बाबा, मला ना..." मनगट हललं नाही. पण दारात पेढीवरचा माणूस आला आणि बोलणं तिथेच राहिलं.

मला वाटलं होतं, ते विसरतील. आता जिन्याखालून हाक येते आहे, "ये गं, कालचं तुझं अर्धंच राहिलं. आणि किती वाजले तेही सांग." जायला हवं. उठता उठता मनात एकदा म्हणून बघते आहे, बाबा, मला ना