पुसायची घाई

“मग काय कोरू तिच्या दगडावर? तुम्हीच सांगा!”

रूबेन पेणकरच्या आवाजाने सिनेगॉगचं अंगण दणाणलं. त्याची बायको मिल्का जाऊन महिना होत आला होता. कबरीचा काळा दगड समोर आडवा पडला होता आणि पाथरवट छिन्नी धरून नुसता बसला होता.

प्रश्न एलोजीबाबांना होता. गावच्या यहुद्यांची प्रार्थना चालवणारे ते म्हातारे हज्जान. रूबेनला हिब्रू अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली. पुढे तो मुंबईला शिकून आला आणि त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. गुरूवर डाफरू नये म्हणतात. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

“नावाखाली एकच शब्द.” रूबेनने दगडावर बोट टेकवलं. “हेवेल! आपल्या शास्त्रातला शहाणा राजाच सांगून गेलाय, सगळं हेवेल. व्यर्थ. फोल!”

“हा अर्थ कोणाचा?”

“पंडितांचा.”

“आणि मी काय शिकवलं होतं?”

“वाफ. श्वासाची वाफ.” रूबेन कडवट हसला. “पोरांना सांगायचा अर्थ आहे तो, बाबा! मी तिच्या उशापासून हललो नाही. एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललो. काय झालं? मातीत गेलं सगळं. तिचं जगणंच व्यर्थ...”

“तोंड सांभाळ!”

पाथरवटाच्या हातातली छिन्नी खाली पडली. बाबांना इतकं चिडलेलं गावात कोणी पाहिलं नव्हतं.

ते उठले. रूबेनच्या नाकावरचा चष्मा त्यांनी ओढून काढला, तोंडाजवळ नेला आणि काचेवर हळूच श्वास सोडला.

काच धुरकटली.

“हेवेल,” बाबा म्हणाले.

“ठाऊक आहे मला!” रूबेनने चष्मा हिसकावला आणि सवयीने सदऱ्याचं टोक काचेवर नेलं.

बाबांनी त्याच्या हातावर फटका मारला.

“पुसू नकोस!”

“का नको? आपोआप जाणारच आहे ती...”

“जाणारच आहे.”

दोघंही बघत राहिले. वाफ कडेकडेने विरत आली. रूबेनने सदऱ्याचं टोक सोडलं.

“ती गेली त्या पहाटे मी दाराशीच उभा होतो,” बाबा म्हणाले. त्यांचा राग अजून उतरला नव्हता. “हीच काच मिल्काच्या नाकापुढे धरून तिच्या श्वासाची वाट बघत बसला होतास... वाफ उमटली तेव्हा पुसलीस का रे?”