परक्या पोळ्यातला नाच

डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. जांभळीच्या ढोलीत मधमाश्यांचं एक पोळं होतं. पलीकडच्या ऐनाच्या झाडावरच्या माश्या नवं घर शोधायला निघाल्या होत्या. मधमाश्यांची रीत अशी की जिने जागा पाहिली, तिने नाचून दाखवायचं. जिच्या नाचात जास्त जणी सामील होतील, तिच्या जागी सगळ्यांनी जायचं.

"त्या आपल्या शेजारच्या आंब्यात आल्या तर आपली फुलं वाटली जातील," जांभळीतली तुरतुरी म्हणाली. "मी त्यांच्यात घुसून लांबच्या कड्यासाठी नाचते. त्या घोळक्यात कोण ओळखतंय?"

"नको गं बाई! त्यांच्याकडे बघूसुद्धा नका," घाबरट कुसुंबी म्हणाली.

दारावर पहारा देणारी ठिपकी ठामपणे म्हणाली, "बघायचं, बोलायचंही. इथे फुलं कमी आहेत, हे उघड जाऊन सांगा. पण घर त्यांचं, तर नाचही त्यांचाच."

"तू ना इकडची, ना तिकडची!" तुरतुरी हसली.

"दारात बसते ना, दोन्हीकडचं दिसतं मला."

तुरतुरी गेलीच. तिच्या नाचाला भुलून ऐनावरच्या माश्या कड्यावर गेल्या. घरी तिचं केवढं कौतुक झालं!

पुढे एकदा तुरतुरीला हिरडा फुललेला दिसला. फुलांची जागाही नाचूनच सांगायची, म्हणून ती घरी येऊन जीव तोडून नाचली. एकही माशी हलली नाही.

"अगं, खरंच फुललाय!"

"आज कुणासाठी नाचतेस?" कौतुक करणाऱ्यांतल्याच एकीने विचारलं.

"थांबा, मी बघून येते," ठिपकी म्हणाली आणि उडाली. त्या दिवशी पहिल्यांदाच पोळ्याच्या दारावर कुणी नव्हतं.