कोंडिबा कुठं उतरला?

खापरवाडी नावाच्या गावात एक भोळा कुंभार राहत होता, कोंडिबा त्याचं नाव. भोळा हे आपण म्हणायचं. त्याचे सासरे दुसरा शब्द वापरत. सांगितलेलं काम कोंडिबा कधी टाळायचा नाही, आणि अडचण नेमकी तीच होती. 'जरा दुधाकडं बगा' म्हटलं, की तो दुधाकडं बघत बसायचा. दूध उतू जायचं. कोंडिबा म्हणायचा, "बगत हुतो की! पार भांडं रिकामं हुईपतूर बगितलं."

कोंडिबा घरजावई होता. सासरे भिवाप्पा आता थकले होते आणि घरातलं चाक कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. त्यांचा पुतण्या टपून बसलेलाच होता. भिवाप्पांची लेक सगुणा, म्हणजे कोंडिबाची बायको, मोठी हुशार बाई. तिला वाटायचं, चाक आपल्याच घरात राहावं. आपल्या नवऱ्याला लोक हसतात, त्यांनी एकदा तरी त्याला बरं म्हणावं, असंही तिला फार वाटायचं.

अशात चीनमधल्या शिआन शहरातून बोलावणं आलं. शिआन हे फार जुनं शहर, राजाच्या राजधानीचं. त्याच्या जवळ जमिनीखाली मातीचे शिपाई सापडलेत, खऱ्या माणसाएवढे, हजारोंनी. त्या शहरात कुंभारांचा मेळा भरणार होता आणि भिवाप्पांचा एक रांजण तिथल्या कुणाच्या तरी मनात भरला होता. मातीचे शिपाई बघायला मिळणार म्हटल्यावर भिवाप्पा एका पायावर तयार झाले. घरची सगळीच मंडळी निघाली. राहायची सोय मात्र ज्याची त्यानं करायची होती.

"तुमचं तिकीट तेवडं आधी काडा," सगुणा नवऱ्याला म्हणाली, कारण तो विसरायचा.

कोंडिबानं आधीचं तिकीट काढलं. सगळ्यांचं विमान शनिवारचं, त्याचं शुक्रवारचं.

भिवाप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. सगुणा म्हणाली, "बरंच झालं की आप्पा. हे फुडं जातील आनि समद्यांसाटनं जागा बगून ठेवतील."

"ह्यो?" भिवाप्पा म्हणाले. "बरं. जागा चांगली बगितली, तर चाक ह्येचं. न्हाई तर पुतण्याचं. मंग पुन्यांदा मला कुनी इचारायचं न्हाई."

आपण उगाच बोललो, असं सगुणेला वाटलं. पण आता मागं फिरता येत नव्हतं.

निघताना तिनं कोंडिबाला एकच गोष्ट सांगितली. दोन सांगितल्या की तो त्या एकमेकींत कालवायचा. "शहराच्या मधोमध घंटाघर हाय. तितं जवळ उतरा. उतरलासा की मला फोन करा."

"घंटाघरापाशी उतरतो," कोंडिबा म्हणाला. "आता कळलं."

विमान झालं, मग जमिनीखालची गाडी झाली. घंटाघराचं स्टेशन आलं. कोंडिबा उतरला, बाकावर बसला आणि त्यानं बायकोला फोन लावला.

"उतरलो गं."

"उतरलासा? इतक्यात?" सगुणेला भरून आलं. "जागा कशी हाय?"

"लई मोटी. फरशी तर अशी, की तोंड दिसतंय."

"आनि खोली?"

"खोली चांगली हाय. दोन जिने खाली हाय."

"खाली? मानसं हायत का शेजारी?"

"लई! पर कुनी ऱ्हात न्हाई. गाडी आली की जात्यात."

सगुणेनं समजावलं, "अवो, उतरायचं म्हंजे गाडीतनं उतरायचं न्हाई. मुक्काम करायचा. वर जावा. एकेका दारात जाऊन इचारा, जागा हाय का म्हनून."

"जागा हाय का म्हनून इचारायचं. आता कळलं."

कोंडिबा वर आला. समोर घंटाघर उभं होतं, तीन तीन छपरांचं, कोपरे वर वळवलेले. ते बघायला सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्यानं बघितलं नाही. पलीकडच्या गल्लीत एका खानावळीचं दार उघडं होतं. कोंडिबानं फोन तोंडापाशी धरला. त्या फोनमध्ये सगुणेनं अशी करामत करून दिली होती, की तो मराठी ऐकायचा आणि चिनी बोलायचा, चिनी ऐकायचा आणि मराठी बोलायचा. त्याची मराठी तेवढी पोथीतली होती.

"जागा हाय का?" कोंडिबानं विचारलं.

"आहे, आहे. आसनस्थ व्हावे," फोन म्हणाला. खानावळीची मालकीण लीबाई हसून एका खुर्चीकडं हात करत होती.

कोंडिबा बसला. लीबाईनं पुढ्यात वाडगाभर गरम शेवया ठेवल्या. त्यानं खाल्ल्या आणि फोन लावला. "जागा मिळाली. खुर्ची हाय. म्होरं मेज हाय. समद्यांना एका मेजावर दाटीवाटीनं बसाय येतंय."

"आनि निजायचं कुटं?"

"ते न्हाई इचारलं. तू जागा इचार म्हनालीस."

सगुणा म्हणाली, "अवो, जागा बगायची म्हंजे आधी पलंग बगायचा. आप्पांची पाठ दुकती. सोता आडवं हून बगा. गादी मऊ लागली, तरच हो म्हना."

"आडवं हून बगायचं. आता कळलं."

पुढच्या चौकात एक लांबलचक खोली होती, रस्त्याच्या बाजूनं सगळी काचेची. आत पलंगच पलंग. सगळ्यांवर कोऱ्या चादरी, आणि एकावरही माणूस नाही. कोंडिबाला आपल्या नशिबाचं कौतुक वाटलं. तो पहिल्या पलंगावर आडवा झाला. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा सूटबूट घातलेला एक माणूस वाकून बघत होता.

"ही शय्या आपणांस रुचली काय?" फोन म्हणाला.

"लई रुचली. समद्याच पायजेत."

तो माणूस कोंडिबाच्या गळ्यातच पडायचा राहिला. कोंडिबानं बायकोला सांगितलं, "पलंग झ्याक हायत. मानूस बी देवमानूस. पलंग घरपोच करू का म्हनतोय."

"अवो, ते दुकान हाय! उटा आदी!" सगुणा ओरडली. आता तिचा आवाज रडवेला झाला होता. सामान बांधून झालं होतं आणि भिवाप्पा येरझाऱ्या घालत दर घटकेला विचारत होते, 'काय गं, मिळाली का जागा?' ती हळूच म्हणाली, "ऐका. चाकाचा परश्न हाय. दुकान नगं. त्या शहराला जुनी मोटी भिंत हाय, चारी बाजूंनी. भिंतीच्या आत ऱ्हायचं. भायेर लांब पडतंय."

"भिंतीच्या आत ऱ्हायचं. आता कळलं."

भिंत होती मोठी. वरून सायकली फिरत होत्या, इतकी रुंद. कोंडिबानं तिच्यावर हात फिरवला. विटा चांगल्या भाजलेल्या होत्या, एकीलाही चीर नव्हती. कुंभार म्हणून त्याला बरं वाटलं. पण आत जायचं कसं? त्यानं बोटानं टकटक केलं, जसं मडकं वाजवून बघतात तसं. भिंत भरीव वाजली. तो थोडा पुढं सरकला, पुन्हा वाजवली. असं करत करत तो वेशीपर्यंत गेला. तिथं एक लहानसं दार होतं. उघडून बघतो तर भिंतीच्या पोटात एक कोनाडावजा खोली, आत केरसुण्या आणि बादल्या. कोंडिबा आत शिरला, एक केरसुणी उशाला घेतली आणि आडवा झाला.

"मिळाली," तो फोनवर म्हणाला. "पार भिंतीच्या आत. गादी तेवडी टोचती."

एवढ्यात झाडूवाल्या बाईनं दार उघडलं आणि किंकाळी फोडली. ती सगुणेलाही ऐकू आली.

सगुणेनं डोळे मिटले. मग शांतपणे म्हणाली, "आता भिंतीशी बोलू नगा. मानसांशी बोला. ज्या घरात बाई दारात आल्या आल्या 'जेवलासा का' इचारंल, तितं ऱ्हावा. असं इचारनारं घर वाईट नसतंय."

"आता कळलं."

कोंडिबा हिंडत हिंडत निघाला. रस्ते त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तो पुन्हा त्याच गल्लीत, त्याच खानावळीसमोर आला. लीबाई दारातच होती. तिकडं ओळखीचं माणूस दिसलं, की जुन्या वळणाची माणसं तसंच विचारतात.

"आपले भोजन झाले काय?" फोन म्हणाला.

कोंडिबाच्या अंगात वीज शिरली. सगळे धडे त्याला एकदम आठवले. त्यानं विचारलं, "जागा हाय का?" पुढं होऊन भिंत वाजवून बघितली. मग दारातल्या बाकावर आडवा झाला.

लीबाईला वाटलं, पाहुणा दमून पडला. तिनं त्याला हाताला धरून उठवलं आणि मागच्या अंगणातनं जिन्यानं वर नेलं. वर तिच्या भाड्यानं द्यायच्या खोल्या होत्या. मऊ पलंग, स्वच्छ चादरी, खिडकीबाहेर डाळिंबाचं झाड. घंटाघर हाकेच्या अंतरावर, शहराच्या भिंतीच्या आत, आणि आवाज म्हणाल तर खाली शेवयांची कणीक आपटल्याचा तेवढा.

लीबाईनं आपला पत्ता आणि खोलीचा फोटो सगुणेच्या फोनवर पाठवला. हे काम कोंडिबाकडं नव्हतं, त्यामुळं ते बिनचूक झालं.

सगुणा फोटो बघून रडलीच. भिवाप्पांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, आणि म्हणाले, "हं." त्यांचं एवढं 'हं' पुतण्याच्याही वाट्याला कधी आलं नव्हतं.

"आता एकच करा," सगुणा आनंदानं म्हणाली. "मेळ्याची गर्दी हाय, लोक जागा बळकावतील. आतनं कडी लावून बसा. कुनी बी येऊ दे, पाया पडू दे, सख्खं नातं सांगू दे, दार उगडायचं न्हाई."

"दार उगडायचं न्हाई. आता कळलं."

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. प्रवासानं सगळ्यांचा पार भुगा झाला होता. लीबाई भाजी आणायला गेली होती. मंडळी जिना चढून वर आली आणि भिवाप्पांनी दार ठोठावलं.

"जागा न्हाई," आतून कोंडिबा म्हणाला.

"अरं, मी भिवाप्पा! तुजा सासरा!"

"असं सांगनारे येतील, ते मला ठावं हाय. जागा आमच्या मंडळींसाटनं धरलीया. तुमी घंटाघरापाशी उतरा. खोली चांगली हाय, दोन जिने खाली हाय."

"अवो, मी सगुणा!" सगुणेनं दारावर दोन्ही हात आपटले. "दार उगडा!"

कोंडिबा घाबरला. त्यानं बायकोला फोन लावला. दाराबाहेर कुणाचा तरी फोन वाजला. बाहेरच्यांकडंही फोन आहे, म्हणजे अगदीच भुरटे नाहीत, असं त्याला वाटलं.

"अगं, लौकर ये," तो कुजबुजला. "हितं जागा बळकवाय मानसं आल्यात. त्यातल्या एकीचा आवाज हुबेहूब तुज्यावानी हाय."

दाराबाहेर सगुणेनं कपाळ भिंतीला टेकवलं. भिवाप्पा पायरीवर बसले होते, दातओठ खात पुतण्याचं नाव घेत होते. या माणसाला उलटं सांगून उपयोग नाही, त्याच्याच वाटेनं जायला हवं, हे तिच्या ध्यानात आलं. ती फोनमध्ये म्हणाली, "अवो, लबाड दिसत्यात. असं करा. दार उगडा, त्यास्नी आत घ्या, आनि मी येईपतूर सोडू नगा."

"आत घ्यायचं आनि सोडायचं न्हाई. आता कळलं!"

कडी निघाली. कोंडिबा दाराच्या फळीमागं लपला. डोक्यावर गाठोडी, तोंडापुढं पिशव्या घेतलेली मंडळी लोंढ्यानं आत घुसली. शेवटचं माणूस आत गेलं तसा कोंडिबा फळीमागनं सटकला, बाहेर आला आणि त्यानं दाराला लीबाईनं दिलेलं कुलूप ठोकलं. किल्ली कनवटीला लावली आणि तो टणाटणा जिना उतरला.

आत भिवाप्पांना कुलपाचा आवाज आला नाही. त्यांनी पलंगावर अंग टाकलं होतं. गादी मऊ होती, पाठीला बरं वाटत होतं. खिडकीतून डाळिंबाचं झाड दिसत होतं. "जागा बाकी झ्याक बगितली पोरानं," ते म्हणाले. "चाक त्येलाच देऊ. चाकापाशी बसवला, म्हंजे निदान कुटं जायाचा तरी न्हाई."

सगुणेचे डोळे भरून आले. नवऱ्याला हाक मारावी म्हणून ती वळली. नवरा नव्हता. तिनं दार ओढलं. दार हललं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मागं गाड्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"समद्यांना कोंडून आलो बग," कोंडिबा म्हणाला. "आता तुला न्यायला घंटाघराच्या ठेसनात हुबा हाय. तू कुटं उतरलीस?"

सगुणा पलंगावर बसली. "चांगल्या ठिकानी उतरले वो," ती म्हणाली. "भिंतीच्या आत हाय. गादी मऊ हाय. निस्तं दाराला भायेरनं कुलूप हाय."

"कुलूप हाय?" कोंडिबाचा जीव भांड्यात पडला. "मंग झ्याक झालं. ती जागा सोडू नगंस. त्या कोंडलेल्या लबाडांचं आप्पा आल्यावर बगू, मी हितंच थांबतो."